गैरहजर पोराचं नाव

रिसेटभाऊ कुणालाही मनासारखा पासवर्ड ठेवू देत नसत. त्यांना हवं असे वर्गातल्या सगळ्यात गैरहजर पोराचं नाव. शाळेची माहिती ऑनलाइन भरायला लागल्यापासून आम्ही मास्तर मंडळी सारखे पासवर्ड विसरायचो आणि तलासरीला तालुक्याच्या कार्यालयात या कंत्राटी ऑपरेटरपुढे चेहरा पाडून उभे राहायचो. ते कीबोर्ड आमच्याकडे वळवत आणि म्हणत, "रोज टाइप कराल तर पोर लक्षात राहील. पासवर्ड गेला उडत!"

डहाणूहून येणाऱ्या आमच्या मुख्याध्यापकांनी बायकोचं नाव ठेवतो म्हटलं. भाऊंनी विचारलं, "वहिनी काय घरी गैरहजर असतात, सर?" सरांनी पहिलीतल्या एका पोराचं नाव टाकलं.

झरीजवळच्या आमच्या शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवायचो. माझा पासवर्ड होता रमिला. दिवाळीनंतर तिचे आईबाप वीटभट्टीवर जायचे, तिलाही न्यायचे. नाव रोज बोटांखालून जायचं, म्हणून त्या वर्षी मी तीनदा पाड्यावर गेलो, बापाशी हुज्जत घातली आणि तिला मावशीकडे ठेवायला लावलं. तिसरी पार पडली.

पुढच्या वर्षी पासवर्ड तोच होता, पण शाळेच्या संगणकानेच विचारलं, लक्षात ठेवू का? मी हो म्हटलं. कटकट गेली, असं वाटलं. दिवाळीनंतर महिन्याभराने तो संगणक बिघडला आणि मला काही आठवेना. चार-पाच पोरांची नावं टाकून पाहिली, एकही लागलं नाही. शेवटी तलासरी गाठली.

"रिसेट मिनिटभराचं काम आहे, गुरुजी," भाऊ म्हणाले. "पण ती भट्टीवाली पोरगी यंदा येते ना?"

रमिला! तेच नाव होतं. तिथूनच पाड्यावर गेलो. मावशी दारातच बसली होती. "गेली ना भट्टीवर. गुरुजी न्यायला येतील म्हणून चार दिस थांबलेली. मंग बापाने नेली." स्वतःची एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती. रमिला पुन्हा शाळेत आली नाही.

भाऊंचं कंत्राट संपलं, ते चिंचणीला घरी गेले. हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. आता रिसेट फोनवरच होतं, कुणी काही विचारत नाही. परवा मी पुन्हा 'रमिला' टाकलं. पडद्यावर आलं, हा पासवर्ड आधी वापरलेला आहे, दुसरा निवडा.

मी हजेरीपट ओढला. दुसरं नाव सापडायला वेळ लागला नाही.