देलियोच्या तळघरातल्या बरण्या

एर्सिलिया मावशी फटकळ होती. कुणी पेस्टो, म्हणजे आमच्याकडची बेसिलच्या पानांची चटणी, मिक्सरमध्ये वाटला असं कानावर आलं की म्हणायची, "एवढा कंटाळा असेल तर गवत चरावं माणसानं." जेनोव्हाच्या कडेला आमचं प्रा गाव. तिथे तिचं बेसिलचं काचघर होतं आणि मी बारा वर्षं तिच्याकडे कामाला होते.

तिची आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, धाकटा भाऊ देलियो सात वर्षांचा. त्याला तिनंच वाढवलं, शिकवलं. पुढे तो तुरिनला मोटारींच्या कारखान्यात लागला आणि तिथल्याच इवानाशी लग्न करून बसला.

दर सप्टेंबरात मावशी त्याच्यासाठी डझनभर बरण्या भरायची. कोवळी पानं ओल्या फडक्यानं एकेक करून पुसायची. संगमरवरी खलात आधी लसूण आणि जाडं मीठ, मग चिलगोजे, मग पानं. बत्ता आपटलेला तिला खपायचा नाही, तो कडेकडेनं फिरला पाहिजे. टिकायला हवा म्हणून चीज घालायची नाही. "खाताना किसून घाल," असं चिठ्ठीत लिहायची. बरणी ओट्यावर ठोकून आतली हवा काढायची आणि वर बोटभर ऑलिव्हचं तेल ओतायची, कारण वारा लागला की हिरवं ते काळं पडतं. शेवटी झाकणावर ते साल लिहायची. आठवडाभर तिचं मनगट सुजलेलं असायचं.

नाताळात देलियोचं कार्ड यायचं. "पेस्टो नेहमीसारखाच." ते ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची.

इवाना वारली तेव्हा मीच मावशीला गाडीनं तुरिनला नेलं. दफन झालं, माणसं घरी आली. वाइन कमी पडली म्हणून मावशी तळघरात गेली. बराच वेळ वर येईना, म्हणून मी खाली उतरले.

भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर तिच्या बरण्या. तेवीस वर्षांच्या. जुन्यांमधलं तेल पिवळं झालेलं, आतला ऐवज डांबरासारखा काळा. काहींच्या झाकणांना गंज चढलेला. एकही उघडलेली नव्हती. मावशी झाकणांवरची सालं वाचत होती.

देलियो पायऱ्यांवर येऊन थांबला.

"इवानाला लसणाचा वास सोसायचा नाही," तो म्हणाला.

"मग मला सांगायचंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"शेजाऱ्यापाजाऱ्यांना तरी द्यायच्यास."

"तुझ्या हातच्या म्हणून देववेनात."

मावशीनं वाइनच्या दोन बाटल्या उचलल्या आणि ती वर गेली. पाहुण्यांना तिनंच वाढलं.

सगळे गेल्यावर तिनं त्या वर्षीची बरणी वर आणली. पास्ता उकडला, चीज किसलं, कालवून ताटली देलियोपुढे ठेवली.

"आता इवाना नाही. खा."

त्यानं दोन घास खाल्ले आणि काटा खाली ठेवला. तेव्हा पन्नाशीला आलेला माणूस तो, पण शाळेत उभं केल्यासारखा दिसत होता.

"एर्सिलिया, खरं सांगू? मला लहानपणीही आवडायचा नाही. तू एवढी खपायचीस, बोलायची सोयच नव्हती."

मावशीनं ताटली स्वतःकडे ओढली. सगळं खाल्लं, ताटली घासली, पालथी घातली आणि मला म्हणाली, "चल."

परतीच्या वाटेवर डोंगरातले बोगदे सुरू झाले तेव्हा ती बोलली. आगोस्तिनो नावाचा एक खलाशी होता, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. तो लग्नाचं विचारत होता आणि ती म्हणत होती, देलियो मोठा होऊ दे. दोन वर्षं वाट बघून तो ब्युनोस आयर्सला गेला.

"त्याला आवडायचा पेस्टो," ती म्हणाली. "वाडगं पावानं पुसून घ्यायचा."

मी गाडी चालवत राहिले.

त्यानंतर देलियोचा फोन आला की ती हवापाणी सांगायची, तब्येत विचारायची आणि ठेवून द्यायची. तो चार वर्षांनी वारला. दफनाला ती सकाळच्या गाडीनं गेली आणि संध्याकाळी परत आली. तिकडचं तळघर कुणी रिकामं केलं, तिनं विचारलं नाही.

काचघर ती शेवटपर्यंत चालवत होती. जुड्या बांधायची, व्यापाऱ्याशी हुज्जत घालायची. पेस्टो मात्र पुन्हा केला नाही. एका सप्टेंबरात मी आपणहून म्हटलं, "मावशी, थोडा आपल्या दोघींपुरता करू या का?"

"तुला आवडतो?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझ्यावर तिचा विश्वास बसला नाही.