सूर्व्या मावळंपतूरचा नेम

अफू कशी सुटली म्हनून बाया इचारत्यात, तवा मी घोटाळ्यात पडते. देवानं सोडवली म्हनावं, तर देवापुढंच मी खोटं बोलत व्हते. मी सोडली म्हनावं, तर माझ्यात तेवढी धमक कवाच नव्हती. झालं तसं सांगते.

लढाईच्या सालात मालक फलटनीत गेलं. आमचं गाव आष्ट्याच्या अंगाला, किस्नाकाठी. घरात मी, माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हनायची, आन् तान्ही पोर. उसाची भांगलन, तन काढनं, आमा दोघींवरच. तवा घरोघरी लेकराला खसखशीएवढी अफू दुधात बोटानं उगाळून चाटवायचे आन् झोळीत घालायचे, मग ते दिसभर गप. बाळतपनानंतर माझी कंबर धरली, तर आत्याबाईनं मलाबी मुगाएवढी दिली. कंबर सुटली, अफू सुटली न्हाई. न्हाई मिळाली की जांभया, डोळ्यातनं पानी, पायात गोळं. सहा म्हैन्यात मी तिची झाले.

एका सकाळी मी अफूच्या तारेतच व्हते. पोरीला चाटवलेलं इसरले आन् परत चाटवलं. बांधावर झोळीत बघते तर पोर निळी पडलेली. कांदा फोडून नाकाला लावला, तळव्यावर मारलं, उन्हं डोक्यावर आली तवा कुठं ती रडली. आत्याबाईनं इचारलं, “जादा दिलीस व्हय गं?” मी म्हनले, “न्हाई वो, एकदाच.”

दुसऱ्या दिशी खंडोबाच्या देवळात बेल-भंडारा उचलला. बेल आन् भंडारा हातात घिऊन बोललेला शबुद मोडला तर वंस बुडतो, असं आमच्यात मानत्यात. म्हनले, “देवा, जलमभर अफू खानार न्हाई.” तवापासनं रोज जात्यावर बसायच्या आदी देवळात जायची, कपाळाला भंडारा लावायची आन् सांगायची, “काल खाल्ली न्हाई.”

आन् खाल्ली नव्हतीच. पर पोरीला चाटवनं चालूच व्हतं. तिच्या तोंडातनं बोट काढलं की मी माझ्या तोंडात घालायची. चाटनं म्हंजी काय खानं न्हवं, असं मनाला समजवायची. हळूहळू पोरीच्या नावानं मोठी गोळी काढाया लागले. गावातल्या बाया माझं कवतिक करायच्या. मी मातर देवळाची पायरी खाली बघून चढायची. मी खरं बोलतीय का खोटं, माझं मलाच कळंना. नेम सोडावा तर भ्या, धरावा तर लाज.

एक दिस नदीपलीकडं भनीकडं जाऊन सांजपतूर माघारी यायचं व्हतं. नावंची वाट बघत घाटावर बसले व्हते. शेजारी पांढऱ्या लुगड्यातली एक जैनाची म्हातारी. पोर रडाया लागली, मी डबी काढली, तिला चाटवलं, मग मी बोट चाटलं. म्हातारी बघत व्हती.

“बाई, ह्यात पोरीचं किती आन् तुझं किती?”

“मी सोडलीया. बेल-भंडारा उचललाय!”

“खायची सोडलीस. चाटायची कवा सोडतीस?”

“आवं अक्का, तुमचं काय जातंय?”

“माझं काय जानार? माझं एक लेकरू ह्यातच गेलं,” ती म्हनली. मग म्हनली, “जलमभराचा नेम घेतला की मन पळवाट हुडकतंय. आमच्यात सूर्व्या मावळंपतूर नेम घेत्यात. आज तेवढं बघायचं. आन् सांजच्याला चुकलं असंल ते मान्सापुढं सांगायचं. देव मुका हाय गं, त्येला कायबी सांगता येतंय.”

नाव आली. म्हातारीनं पोर मागून मांडीवर घेतली. अफू थोडकीच लागली व्हती, पोर पलीकडच्या थडीपतूर रडत व्हती. नावाडी कावला, “आवं, गप करा की तिला!” म्हातारी म्हनली, “रडू दे बाबा, जित्तं हाय म्हनून रडतंय.” माझ्या काळजात तेच घुसलं.

त्या सांजच्याला चुलीपुढं आत्याबाईला सगळं सांगितलं. दोनदा दिल्यालं, चाटल्यालं. वाटलं, आता झिंज्या धरंल. तर ती पदर तोंडाला लावून बसली. “मलाबी सुटत न्हाई गं,” म्हनली, “मी कुनाला सांगू?”

मग सकाळी देवळात दोघी जायचो, तेवढ्या दिसाचा नेम घ्यायचो. सांजच्याला एकमेकीला इचारायचं.

“आज?”

“चाटली.”

“मीबी, मेले.”

असं लय दिस चाललं. हाडं मोडून आली, वकाऱ्या झाल्या, पोर किरकिरली. मग “आज न्हाई” असं एकांदा दिस यायला लागलं. शेवटची कवा चाटली ते दोघींच्याबी ध्यानात न्हाई. आत्याबाई जाईपतूर आमचं इचारनं चालूच व्हतं.

पोरीला मातर सांगायची माझी छाती झाली न्हाई. ती पयल्या बाळतपनाला आली, लेकरू लय रडायचं. ती म्हनली, “आई, ह्येला कायतरी चाटीव की.” तवा माझ्या तोंडातनं सगळं भाईर पडलं. तिनं धुयाचं कपडं गोळा केलं. नदीला जाताना दारातनं माघारी फिरली, आन् लेकरू माझ्या मांडीवर ठिवून गेली.

किरपा म्हंजी काय, मला अजून उमगत न्हाई. ती म्हातारी कोन, देवानं मला खोटं बोलू का दिलं, ठावं न्हाई. मी झाकून ठिवलेलं मान्सापुढं सांगून त्येच्या पायाशी ठिवलं, एवढंच माझ्या हातनं झालं. बाकी त्येनं केलं. त्या दिशी लेकरू माझ्या मांडीवर रडत व्हतं, आन् मी हात जोडून बसले व्हते.