पिकायची वाट

आमच्या थोरल्या चुलत्यांना सगळं कळायचं, आणि जे कळायचं नाही तेही ते ठासून सांगायचे. ते ऊसतोडीचे मुकादम. पाथर्डीजवळच्या आमच्या वाडीत त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे. माझे वडील तर त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, पण त्यांच्यासमोर कधी बाजेवर टेकले नाहीत.

नव्वदच्या दशकात एका दिवाळीआधी वडिलांना कडेचं दिसेनासं झालं. समोरचा माणूस दिसायचा, बाजूची बैलगाडी नाही. मी नगरला कॉलेजात होते, मीच त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढलाय. थेंब जन्मभर टाकायचे. आणि हा रक्तातून येतो, भावंडांनीही तपासून घ्या."

घरी चुलत्यांनी त्यातला फक्त 'बिंदू' ऐकला.

"आपल्या आईचा न्हाई का, पिकल्यावर काढला? पिकू दे. थेंबानं कच्चाच राहील."

आजीचा होता मोतीबिंदू. हा वेगळा, हा पिकत नसतो, आतल्या आत नजर खातो, हे मी घसा फोडून सांगितलं.

"चार बुकं शिकली म्हनून मला शिकवती व्हय? आन् माझ्या डोळ्याला काय धाड भरलीया?"

तोडीला नवराबायकोची एक जोडी कमी पडू नये, एवढीच त्यांना काळजी. थेंबांची बाटली फडताळात राहिली आणि आईवडील कारखान्यावर गेले. मला वडिलांचाही तेवढाच संताप आला. स्वतःचे डोळे, तेही भावाला विचारून वापरायचे!

दुसऱ्या हंगामाहून परतले तेव्हा आईनं त्यांना हाताला धरून जीपमधून उतरवलं. चुलते खुशीत म्हणाले, "पिकला. चला, आता काढून टाकू." नगरला तेही आले. बाईंनी तपासून सांगितलं की काढण्यासारखं काही नाही, गेलेली नजर परत येत नाही.

वडील म्हणाले, "बरं." घाम फुटला तो चुलत्यांना. टोपी काढून ते स्टुलावर बसले. "बाई, माझंबी बघा की." त्यांनाही काचबिंदूच निघाला, अगदी सुरुवातीचा.

त्यांनी थेंब कधी चुकवले नाहीत. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर मांडवाच्या पार टोकावरून त्यांनी मला ओळखून हात केला. वडील माझ्या शेजारीच उभे होते, आणि मी कुठल्या बाजूला आहे ते आईला विचारत होते.