आयसीयूच्या दाराबाहेर

बायपासच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी चहा मागितला. संभाजीनगरच्या दवाखान्यात, आयसीयूमध्ये. सिस्टर हसून म्हणाली, "काका, दुपारी बघू." बदनापूरहून निघाल्यापासून पहिल्यांदा त्या दिवशी मी पोटभर जेवले.

जेवून आले तर आत धावपळ. ह्यांचं बीपी एकदम खाली गेलं होतं. डॉक्टर तरुण होते, पण त्या घाईतही मला समजेल असं बोलले. "मावशी, बीपी वाढवायचं औषध मानेतल्या नळीतून चालू आहे, तरी टिकत नाही. हृदयाभोवती रक्त साचलंय. त्याच्या दाबानं हृदय नीट भरतच नाही. छाती उघडून ते काढावं लागेल."

"पुन्हा उघडायची?"

"लगेच. भेटून घ्या."

ह्यांचा हात बर्फासारखा गार. ओठ पांढरे. बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रातल्या तुरीच्या वाफ्यांवर ह्यांची उभी हयात गेली होती, तेच तोंडात आलं. "अहो, तुरीला फुलं आलीत."

"फवारणी झाली का?" ते पुटपुटले.

"झाली," मी आपलं ठोकून दिलं. तेवढ्यात पलंग हलला.

संध्याकाळी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, रक्त काढलं, आता बीपी धरून राहिलंय, औषध हळूहळू कमी करू. मी पदर तोंडात कोंबून रडले.

ह्यांना पुढं यातलं काही आठवलं नाही. "मी? फवारणीचं? कायबी सांगून राह्यली," म्हणायचे.

त्यानंतर काही वर्षं मिळाली आम्हाला. गेल्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. ना दवाखाना, ना धावपळ.

लोकांना वाटतं, ते दिवस मला विसरायचे असतील. मला तर त्या दाराबाहेरच्या बाकड्याची ओढ लागते. तिथं नुसतं थांबायचं होतं. दाराच्या पलीकडे ते होते.

परवा लेकीकडून परतताना रिक्षा त्या दवाखान्यापुढं थांबवली आणि वर आयसीयूकडे जायला निघाले.

"पेशंट कोण हाये, मावशी?" वॉचमननं विचारलं.

"कुणी न्हाई."

"मंग वर सोडता येत न्हाई."

"बराबर हाये," मी म्हणाले. तरी थोडा वेळ पायरीशी उभी राहिले. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. गाडीची वेळ झाली होती.