भिंतीकडे तोंड केलेले संत

माझ्या समोरच्या आंटींची जितकी वरपर्यंत ओळख होती, तितकी अख्ख्या नांदेडात कोणाची नसेल. आमदार, कलेक्टर ही मंडळी त्यांच्या लेखी खालच्या पायरीवरची. आंटींचं उठणं-बसणं थेट स्वर्गातल्या लोकांशी. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते, सिकंदराबादहून बदलून आले, इथेच निवृत्त झाले आणि इथेच वारले. त्यामुळे असेल, पण स्वर्गाचा कारभारही रेल्वेच्या ऑफिसासारखा चालतो अशी आंटींची पक्की समजूत होती. प्रत्येक ख्रिस्ती संताचं टेबल वेगळं. हरवलेलं शोधायला अँथनी, घराच्या कामांना जोसेफ, आणि सगळ्यांनी हात वर केले की ज्यूड. "राँग टेबलावर अर्ज दिला की बसा मग फिरत," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. मी नुसती हसले. मी बहुतेक वेळा नुसती हसतेच.

मी लातूरची. नांदेडला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून आंटींच्या समोरची खोली भाड्याने घेतली. आमच्या लिंगायत घरी सगळ्यांच्या गळ्यात इष्टलिंग असतं. देव इतका छातीशी असूनही मी त्याच्याकडे कधी काही मागितलेलं नाही. मागणं मला जमतच नाही. शेअर ऑटोत बसले की "इथे थांबवा" हे दोन शब्दसुद्धा घशातून निघत नाहीत. पुढच्या चौकात दुसरं कोणी उतरलं की मीही उतरायचे आणि गुपचूप मागे चालत यायचे. आंटी मात्र दिवसभर मागत असत, तेही हक्काने, मोठ्या आवाजात. पावसाळ्यात दार फुगून बसलं, तेव्हा त्या फळीवरच्या जोसेफच्या मूर्तीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काय रे, तू सुतार ना? मग माझंच दार कसं काय लागत न्हाई?" दुसऱ्या दिवशी खरोखरचा सुतार आला. आंटींनी त्याला चहा दिला आणि आभार जोसेफचे मानले.

हे ऐकून मला वाटायचं, यांचे देव तरी किती! एकदा त्यांनी आपणहूनच खुलासा केला. "पूजा न्हाई करत आम्ही ह्यांची. पूजा फक्त देवाची. ह्यांना म्हणायचं, तुम्ही बसता ना त्याच्याजवळ, माझ्यासाठी जरा शब्द टाका. तू नव्हतीस का बापाला काही सांगायच्या आधी आईला गाठत?"

मी दोघांनाही गाठत नव्हते, हे काही मी सांगितलं नाही.

गल्लीतले सगळे मात्र आंटींना गाठत. दूध घालणारे मामा लोह्याकडचे. ते एकदा किटली खाली ठेवून म्हणाले, "आंटी, तुमच्या त्या फळीवरच्या बाबाला सांगा की जरा. गाय चाऱ्याला तोंड लावीना."

"डॉक्टरला दाखवलं?"

"न्हाई अजून."

"आधी डॉक्टर. डॉक्टरला विचारल्याबिगर वरचे ऐकत न्हाईत. आणि हा फळीवरचा अँथनी न्हाई, जनावरांचा अँथनी दुसरा, दाढीवाला. त्याला सांगते मी."

गाय चरायला लागली. खालच्या मजल्यावरची मुलगी तर पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीची तयारी करत होती. ती जिन्यातूनच ओरडायची, "आंटी, येत्या सोमवारी ग्राउंड हाय माझं, सांगून ठेवा!" आणि आंटी आतून ओरडायच्या, "ठेवलंय!" मी माझ्या दारामागे उभी राहून हे ऐकायचे. मला त्या मुलीचा हेवा वाटे. मामांचा वाटे. खरं सांगायचं तर त्या गाईचाही वाटला. माझ्यासाठी आंटींनी वर कधी शब्द टाकला असेल? मी सांगितल्याशिवाय त्या तरी काय टाकणार?

मग आंटी आठ दिवस बहिणीकडे सिकंदराबादला गेल्या. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली. आत गेले तर फळीवरचा अँथनी भिंतीकडे तोंड करून उभा. याचा अर्थ मला ठाऊक होता. काम फार दिवस अडून राहिलं की आंटी संताला अशी शिक्षा करत. काम झालं की पुन्हा सरळ. म्हणजे कोणासाठी तरी आंटी इतक्या हट्टाला पेटल्या होत्या. कोण असणार दुसरं? सोमवारी त्या खालच्या मुलीचं ग्राउंड होतं.

चार दिवस मी त्या पाठीकडे बघत झाडांना पाणी घातलं. पाचव्या दिवशी त्याला उचललं आणि तोंड खोलीकडे करून ठेवलं. ती मुलगी नापास व्हावी असं काही माझ्या मनात नव्हतं. पण तिच्यासाठी कोणाला तरी शिक्षा होतेय, हे मला बघवत नव्हतं.

आंटी परत आल्या आणि पाचच मिनिटांत माझ्या दारात. "कोणी फिरवला ह्याला?"

मी नेहमीसारखी हसणार होते. हसू आलंच नाही. "मीच फिरवला, आंटी. तुम्ही सगळ्यांसाठी सांगता. त्या मुलीसाठी सांगता, गाईसाठी सांगता. माझ्यासाठी कधीच का नाही?" माझा आवाज जिन्यात घुमला, तेव्हा मलाच कळलं की तो केवढा मोठा होता.

आंटींनी कमरेवर हात ठेवले. "येडी का खुळी? ती पोरगी सेबास्टियनच्या टेबलावर हाय, पळणाऱ्यांचा तो. अँथनी हरवलेल्याचा. रोज पुढच्या चौकातून माघारी चालत येतीस, दिसत न्हाई का मला गॅलरीतून? म्हणून त्याला सांगितलं, ह्या पोरीचा आवाज कुठं पडलाय तो शोधून दे. तीन महिने झाले, ऐकेना." मग मान वळवून त्यांनी आपल्या उघड्या दारातून फळीकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे आता सरळच."

दुसऱ्या दिवशी मी "इथे थांबवा" म्हणून ऑटो आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवला. गॅलरीत आंटी होत्या. त्यांनी मला नाही, आत फळीला हात जोडले.

गेल्या वर्षी आंटींच्या लेकीने त्यांना आपल्याकडे लातूरला नेलं, माझ्याच गावी. सुट्टीत घरी गेले की मी त्यांच्याकडे जाऊन येते. परवा गेले, तर अँथनी पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभा.

"कोणासाठी?" मी विचारलं. आता मी विचारते.

आंटींनी समोरच्या बंद दाराकडे हनुवटी उडवली. "नवी सून आलीय. कुणाशी बोलत न्हाई बिचारी."

आंटी चहा टाकायला आत गेल्या. मी एकटीच त्या पाठीसमोर उभी होते. त्याला सरळ करायला हात फार शिवशिवत होते. पण मी ते मागे बांधून घेतले आणि समोरच्या बंद दाराकडे बघत राहिले.