कुटुंबाची सगळी नावं

माझे आजोबा गुरुदत्त तळपदे यांनी तीस वर्षं फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकुनी केली. दुसऱ्यांचे करारनामे लिहून लिहून दूधवाल्याशी बोलतानाही ते ‘सबब’ आणि ‘याउपर’ म्हणायचे. गिरगावातल्या आमच्या चाळीत कुणाला इंग्रजी कागद आला की तो आधी आजोबांच्या पुढ्यात यायचा. माणूस सरळ, असं सगळे म्हणत. मीही म्हणते, पण ही गोष्ट सांगून झाल्यावर म्हणते.

छप्पन साल. माझे वडील वीरेंद्र दीड वर्षापासून एडनला एका जहाज कंपनीत नोकरीला होते. आता कंपनी त्यांना बिऱ्हाडाला जागा देणार होती, म्हणजे आई आणि मी तिकडे जाणार. मी आठ वर्षांची, आणि मला दमा. तिकडे बाहेरून आलेल्या माणसाला डॉक्टर महाग आणि इस्पितळ त्याहून महाग, म्हणून कंपनी आजारपणाचा विमा काढून देई. त्यात दोन प्रकार. स्वस्तातला नुसता डॉक्टर आणि औषधं देणारा, महागातला इस्पितळही देणारा. विमा नसलेल्या माणसाला कंपनी तिकडे नेणारच नव्हती. अर्ज फेब्रुवारीच्या पंधरा तारखेच्या आत पोचायला हवा होता, नाहीतर वर्षभर थांबा.

वडिलांनी अर्जाच्या दोन कोऱ्या प्रती आजोबांकडे पाठवल्या, कारण सोबत इथल्या डॉक्टरांचा दाखला लागणार होता. पत्रात लिहिलं होतं, ‘कुटुंबाची सगळी नावं घालावीत. प्रकार कोणता घ्यायचा ते आपणच ठरवावं.’ आजोबांनी एका बैठकीत अर्ज भरला, दाखला जोडून पाकिटात घातला, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकायचं ठरलं.

त्या दुसऱ्या दिवशीच मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीनं जाहीर केलं होतं. गिरगावात कर्फ्यू लागला, पोस्ट बंद झालं, आणि पाकीट फडताळावर पडून राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाक्यावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. खिडक्या लावून घेतल्या तरी तो आत आलाच, आणि माझा श्वास अडकला. आई माझी पाठ चोळत होती आणि आजोबा अनवाणी जिना उतरून धावले, एवढंच मला आठवतं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी सुई दिली तेव्हा कुठे माझी छाती मोकळी झाली.

संध्याकाळी आजोबा डॉक्टरांकडे जाऊन बसले होते. आईच्या जिवाला एकच घोर लागला होता. हे असं एडनला झालं तर? इस्पितळाचा प्रकार घेतलाय ना? तिनं पाकीट उघडलं. ती मराठी चौथी शिकलेली. पण माझ्या वह्यांवर माझं नाव इंग्रजीत तीच घालून द्यायची, तेवढी अक्षरं तिला येत होती. तिनं पहिलं पान पाहिलं, मागचं पाहिलं, पुन्हा पहिलं पाहिलं. यशोदा हे माझं नाव तिला कुठेच सापडेना.

आजोबा वर आले तेव्हा ती अर्ज हातात घेऊन उभी होती.

“मामंजी, यशोदेचं नाव कुठाय?”

आजोबांनी चष्मा काढून पुसला. “वीरेंद्रनं ‘कुटुंब’ लिहिलंय. आमच्या वेळी कुटुंब म्हणजे बायको. मी तुझं नाव घातलं.”

“त्यांनी ‘सगळी नावं’ लिहिलंय. मला काय सवती आहेत?”

आमच्या घरात सासऱ्याला असं कुणी कधी बोललं नव्हतं. मला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली.

“तीस वर्षं वकिलांचे कागद लिहिलेत तुम्ही,” आई म्हणाली. “तुम्हाला फॅमिली म्हणजे काय ते कळत नाही?”

आजोबा आरामखुर्चीत बसले. “कळतं,” ते म्हणाले. “नाव नसलं तर पोर इथं राहील. तिकडे नुसती धूळ आणि ऊन. इथं खाली डॉक्टर आहेत, मी आहे.” मग खालच्या आवाजात म्हणाले, “तुम्ही दोघी गेल्यावर मी या दोन खोल्यांत काय करू, सुमती?”

मला त्यांचा भयंकर राग आला. अजून येतो. आपल्याला एकटं राहवत नाही म्हणून माणूस आठ वर्षांच्या पोरीला आईपासून तोडायला निघतो, आणि वर शब्दाचा कीस पाडतो!

“दुसरी प्रत काढा,” आई म्हणाली. “माझ्यासमोर भरा.”

आजोबांनी टाक उचलला. इस्पितळाचा प्रकार घेतला. माझं नाव घातलं. आजारांच्या रकान्याशी येऊन हात थांबला.

“दमा लिहिला तर घेतील का हो तिला?” आईनं विचारलं.

“सांगता येत नाही. न लिहिता घेतील नक्की. पण इस्पितळात न्यायची वेळ आली की हात वर करतील, म्हणतील तुम्ही लपवलंत.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. “मग लिहा.”

ते लिहू लागले. दमा लिहिला, आणि त्याखाली मला आलेल्या प्रत्येक मोठ्या झटक्याची तारीख. कुठली वही नाही, डॉक्टरांची चिठ्ठी नाही. सगळ्या तारखा त्यांना तोंडपाठ होत्या. एकेक पुटपुटत लिहीत गेले, अगदी त्या दुपारपर्यंत. आईनं पदर तोंडाला लावला.

कर्फ्यू उठला, डॉक्टरांचा नवा दाखला जोडून अर्ज गेला. मग महिनाभर पोस्टमनची चाहूल लागली की आईचा हातातला घास हातातच राहायचा. विमा कंपनीचं उत्तर आलं ते आजोबांच्या नावे आणि इंग्रजीत. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं. संपवलं आणि परत वरून वाचायला लागले. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते खोटंच ‘नाही घेत’ म्हणाले असते तरी तिला स्वतःला कागद वाचून ते कळलं नसतं.

“घेतलं,” ते म्हणाले. “दम्यासकट घेतलं तिला. मे महिन्यात निघता येईल तुम्हाला.”

खालच्या मजल्यावर डॉक्टर होते, चांगलं इंग्रजी वाचणारे. आईनं तो कागद त्यांना दाखवायला नेला नाही.