चिंचोक्यांचा जपानी पट्टा

माझ्या मुलीची गोळी चालू राहिली ती समोरच्या बँकवाल्या काकांमुळे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना नुसते विक्षिप्त म्हणाल. तसे ते आहेतच. अख्ख्या माधव नगरात त्यांच्याइतका उपद्रवी भला माणूस दुसरा नाही.

रिटायर झाल्यावर लोक देवाला लागतात. काका एका इंग्रजी पुस्तकाला लागले. खोटं विज्ञान कसं ओळखावं, याचं ते पुस्तक. ते वाचा म्हणून त्यांनी बारशाला सांगितलं, मुंजीत सांगितलं, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत. कुणीतरी म्हणालं, "काका, गेलेल्याला आता काय उपयोग?" काका म्हणाले, "त्याला नाही, त्याला भस्म चाटवणाऱ्यांना आहे!" फ्रीगंज बाजारातला सेववाला चुकून म्हणाला, "हाजमे की सेव है, बाबूजी." काका लगेच, "जिनका पेट बिगड़ा, उनसे पूछा कभी?" तेव्हापासून तो काकांना बघितलं की मुकाट्यानं तोलायचा. मी सातवीत शाळा सोडलेली, दापोलीहून लग्न होऊन इतक्या लांब, हिंदी मुलखात आलेली. मला इंग्रजी कुठलं? मग काका फाटकाशी उभे राहून मराठीत सांगायचे. "सूनबाई, ज्याला गुण आला तो स्वतःच बोलतो. ज्याला नाही आला, त्याला शोधावं लागतं." मी मान डोलवायची आणि कुकरची शिट्टी ऐकत राहायची.

केबल नवीन आली होती आणि परदेशी म्हटलं की सगळं खरं वाटायचं, ते दिवस. कॉलनीत जपानी चुंबकाचा पट्टा आला. माझी मुलगी तेव्हा अगदी लहान, तिला फिट्स यायच्या, त्यावर डॉक्टरांची रोजची गोळी चालू होती. विकणारा मुलगा म्हणाला, "भाभी, पट्टा बांधो, पर गोली बंद करनी पड़ेगी, नहीं तो असर नहीं होगा." मी आधी नकोच म्हटलं. पण आमच्या काकू, म्हणजे काकांचीच बायको, तो पट्टा बांधून गल्लीभर सांगत होत्या, "अगं, कंबर बिलकुल मोकळी! आतून गरम गरम लागतं." घरचंच माणूस सांगतंय म्हटल्यावर मी ठरवलं, आजपासून गोळी बंद, आणि काकूंना तसं सांगूनही टाकलं.

त्याच संध्याकाळी काकूंच्या बैठकीत पट्ट्याचा कार्यक्रम होता. मुलगा बोलत होता, काकू साक्ष देत होत्या. काका कात्री घेऊन उठले, म्हणाले, "जरा दाखव गं," आणि काकूंच्या पट्ट्याची शिवण उसवली. आतून खळखळ चिंचोके सांडले! काकांनी पहिल्याच दिवशी चुंबकं काढून घेऊन चिंचोके भरून ठेवले होते. मुलगा आपली पिशवी आवरायला लागला. काकू कडाडल्या, "असू देत चिंचोके! कंबर दुखायची तर थांबली ना?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसत होते, तर काका माझ्याकडे वळले. एरवीचा मिस्कीलपणा चेहऱ्यावर नव्हता.

"सूनबाई, घरी जा. पोरीला आधी गोळी दे, मग हस."

मी चपला न घालताच धावले.

काकू तो पट्टा पुन्हा शिवून बांधत राहिल्या, आणि काकांशी कितीतरी दिवस माझ्यामार्फत बोलल्या. मुलगी आता शाळेत जाते, गोळी घेते. काकांना हल्ली बारीक अक्षर लागत नाही; पुस्तक मांडीवर तसंच असतं. मी मुलीबरोबर बसून इंग्रजी शिकते आहे, अडखळतच. एक दिवस त्यांना ते पहिल्या पानापासून वाचून दाखवणार आहे. ते प्रत्येक उच्चाराला अडवतील. अडवू देत. मी पुन्हा वाचीन.